दाजीपूर शेवटी : कोल्हापुरात साध्या कॅमेऱ्यानं वन्यजीव टिपायला शिकताना

कोल्हापुरात नवा कॅमेरा घेतलेला गडी पहिल्या रविवारी कुठं जातो हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. राधानगरी अभयारण्यातलं दाजीपूर. गवा बघायचा, त्याचा फोटो काढायचा, नशीब असेल तर बिबट्या. संध्याकाळी घरी येऊन कार्ड बघावं तर कारवीच्या दाटीत एक काळपट ढिगारा आणि त्याला बहुधा शिंग असावं अशी शंका. मग निदान ठरलेलं : लेन्स कमी पडली, सहाशेची (म्हणजे सहाशे मिलिमीटरची) पाहिजे. सहाशेच्या लेन्सची किंमत ऐकली की कॅमेरा कपाटात जातो, तो थेट पुढच्या दसऱ्याला पूजेला बाहेर येतो.

जंगलातला प्राणी माणसापासून लांब राहतो, झाडीत राहतो आणि उजेड नसताना हिंडतो. थोडक्यात, साध्या कॅमेऱ्याला जे जे जमत नाही ते सगळं जंगल एकदम मागतं. उलट रंकाळा तलावावरचा, उसाच्या फडातला, विहिरीच्या काठावरचा पक्षी जन्मल्यापासून माणसं बघतोय. तो तुम्हाला दहा-पंधरा पावलांवर येऊ देतो आणि भर उजेडात बसतो. तिथं अडीचशे-तीनशेची लेन्स पुरते. म्हणून या लेखातला क्रम शहरातून शिवारात आणि शिवारातून जंगलात असा आहे. दाजीपूर शेवटी.

काय घ्यायचं

दोन रस्ते आहेत. पहिला, वापरलेला डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा. लग्नाच्या ऑर्डरी घेणारे फोटोग्राफर मिररलेसकडे, म्हणजे बिनआरशाच्या नव्या कॅमेऱ्यांकडे वळलेत, त्यामुळं जुन्या बॉड्या बाजारात बऱ्या भावात मिळतात. एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरची कुठलीही बॉडी घ्या आणि पैसे लेन्सकडे वळवा. कॅननची ५५-२५० किंवा निकॉनची ७०-३०० हलकी असते, बऱ्यापैकी शार्प असते आणि खिशाला परवडते. एपीएस-सी सेन्सरवर अडीचशेच्या लेन्सला फुल फ्रेमवरच्या चारशेच्या आसपास पल्ला मिळतो. रंकाळ्याला एवढा पल्ला बास.

जुनी लेन्स घेताना मोबाईलची बॅटरी तिच्यातून आरपार मारून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही पसरलेलं दिसलं तर ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती हमखास धरते. विकणारा "साफ करून मिळती की" म्हणतो. नमस्कार करून बाहेर पडा. नुसते धुळीचे कण असतील तर मात्र काही बिघडत नाही.

दुसरा रस्ता ब्रिज कॅमेऱ्याचा, म्हणजे लेन्स बदलता न येणारा, भला मोठा झूम असलेला कॅमेरा. निकॉनचा पी९०० ८३ पट झूमचा आहे आणि पी१००० तर १२५ पट. हे आकडे ऐकून माणूस हरखतो. भर उन्हात, स्थिर बसलेल्या पक्ष्यासाठी हे कॅमेरे खरोखर कामाचे. पण सेन्सर नखाएवढा, त्यामुळं उजेड कमी झाला की फोटोत रवाळपणा येतो, आणि उडणारं पाखरू त्या झूममध्ये सापडेपर्यंत ते पंचगंगा ओलांडून गेलेलं असतं. पक्षी ओळखणं हाच मुख्य छंद असेल तर ब्रिज घ्या. फोटोचाच नाद असेल तर डीएसएलआर.

ट्रायपॉड लगेच घेऊ नका. जुन्या जीन्सचा एक पाय गुडघ्यापासून कापा, एक तोंड शिवा, आत दोनेक किलो मका भरा आणि दुसरं तोंड शिवून टाका. ही बीनबॅग. गाडीच्या खिडकीवर, बांधावर, घाटाच्या पायरीवर कुठंही ठेवा. कॅमेरा तिच्यावर टेकला की हात थरथरायचं थांबतो.

फक्त मोबाईल असेल तरी अडून बसू नका. फुलपाखरं, सरडे, बेडूक, कोळी यांना तो चांगला टिपतो. ब्लू मॉरमॉन हे महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू, २०१५ साली जाहीर झालेलं. पन्हाळ्याच्या उतारावर किंवा आंबा घाटात ओल्या मातीवर क्षार शोषत बसलं की ते सहजी हलत नाही. उकिडवं बसून हळूहळू पुढं सरका, तुमची सावली त्याच्यावर पडू देऊ नका, काम झालं.

सेटिंग एकदा लावा आणि विसरा

ऑटो मोडमधून बाहेर या, पण मॅन्युअलची शर्यत लावायचं कारण नाही. मोड शटर प्रायॉरिटी (शटरचा वेग तुम्ही ठरवायचा, बाकीचं कॅमेरा बघतो), आयएसओ म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता ऑटो, त्याची कमाल मर्यादा जुन्या बॉडीला ३२००. शटर बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंद, चालत्या-पोहत्याला १/१०००, उडत्याला १/१६०० किंवा त्याहून वर. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर थांबवतं, पक्ष्याची मान थांबवत नाही. "व्हीआर (निकॉनचं स्टॅबिलायझेशन) ऑन होतं तरी ब्लर आला" ही तक्रार त्यातून येते.

फोकस कंटिन्युअस, म्हणजे हलत्या पक्ष्यामागं सतत फिरणारा ठेवा. कॅननमध्ये त्याला एआय सर्व्हो म्हणतात, निकॉनमध्ये एएफ-सी. फोकसचा एकच मधला बिंदू निवडा आणि तो डोळ्यावर ठेवा. डोळा शार्प असेल तर शेपूट धूसर झालेली कुणी बघत नाही. डोळा गेला तर फोटो गेला.

एक बटण मात्र रोज हाताखाली हवं, ते म्हणजे अधिक-उणे चिन्हाचं, एक्सपोजर कॉम्पेन्सेशनचं. कॅमेऱ्याला सगळं जग मध्यम करड्या रंगाचं वाटतं. काळ्या रानात पांढरा बगळा आला की तो काळ्याला उजळवायला जातो आणि बगळ्याचा चुना होतो. तिथं उणे एक. पक्षी फांदीवर आणि मागं पांढरट आभाळ, तर पक्षी काळा पडतो. तिथं अधिक एक. फोटो काढल्यावर स्क्रीनवर मोठा करा आणि बगळ्याच्या पाठीवर पिसांच्या रेषा दिसतात का बघा. दिसत नसतील तर आणखी थोडं उणे.

जमत असेल तर रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली फाईल काढा. नाही जमलं तर जेपेग चालेल, त्यावरून रात्रीची झोप घालवू नका.

पहिले काही आठवडे : रंकाळा, कळंबा, बंधारा

थंडीत कोल्हापुरात सूर्य उगवायलाच सात वाजतात, त्यामुळं मध्यरात्री उठायची गरज नाही. साडेसहाला रंकाळ्यावर पोचा आणि गावाच्या बाजूच्या काठावर थांबा. सूर्य तुमच्या पाठीमागून येईल आणि शालिनी पॅलेसकडं तोंड केलं की समोरच्या पाण्यावर सोनेरी उजेड पडेल. संध्याकाळी नेमकं उलट, पलीकडच्या काठावर जा. दोन तास झाले की फिरणाऱ्यांची गर्दी वाढते आणि ऊनही पांढरं होतं. तेव्हा मिसळ खायला हरकत नाही.

शक्य तिथं पाण्याजवळच्या खालच्या पायरीवर बसा. उभं राहून काढलेल्या फोटोत बदक वरून चेपल्यासारखं दिसतं. कॅमेरा पाण्याच्या पातळीला आला की मागचा काठ लांब जातो, धूसर होतो आणि पक्षी त्यातून उठून येतो. महागड्या लेन्सचा म्हणून जो मऊ बॅकग्राउंड लोक वाखाणतात, तो पक्षी आणि मागची झाडं यांच्यातल्या अंतरानंही मिळतो. दोन पावलं डावीकडं सरकून बघा, मागचा विजेचा खांब जातो की नाही ते.

पहिला गुरू टिबुकली. मुठीएवढं तपकिरी पाखरू, सारखं बुड्या मारतं. ती वर असताना तुम्ही हललात की ती लांब जाते. म्हणून ती पाण्याखाली गेली की चार पावलं पुढं जा आणि ती वर यायच्या आत पुतळा व्हा. परत बुडी, परत चार पावलं. असं करत काठाशी पोचलात की बसून राहा. आता ती तुमच्या समोरच वर येते, चोचीत मासोळी, डोक्यावर पाण्याचे मणी, आणि तुमच्याकडं ढुंकूनही बघत नाही. तीनशेच्या लेन्समध्ये फ्रेम अर्धी भरते.

वारकरी दुसरा. काळा, कपाळावर पांढरा टिळा. हा उडताना आधी पाण्यावरून धावतो, पाय आपटत, तुषार उडवत. कुठल्या दिशेला धावेल? वाऱ्याच्या तोंडाला. पक्षी शक्यतो वाऱ्याला सामोरा जाऊन उडतो आणि तसाच उतरतो. चिमूटभर सुकं गवत सोडून वारा बघा. वारा पाठीवर येईल अशी जागा धरा, म्हणजे पक्षी तुमच्याकडं तोंड करून येतील. ऊन पाठीवर आणि वाराही पाठीवर, अशी सकाळ मिळाली तर त्या दिवशी ऑफिसला उशीर झाला तरी चालेल. पाठमोऱ्या पक्ष्यांचे फोटो ज्यांच्याकडं ढिगानं आहेत, त्यांनी एवढं एकच करून बघावं.

हळदीकुंकू बदकं, पाणकावळे, जांभळ्या पाणकोंबड्या, ढोकरी हे सगळे सरावाला आहेतच. कळंबा तलावावर हिवाळी पाहुणे शोधा, काठच्या चिखलात धोबी आणि तुतवार दिसतील. मोरासाठी शिवाजी विद्यापीठाचं आवार. पण पिसारा बघायचा तर मे-जूनमध्ये. पाऊस सरता सरता मोराची पिसं गळून जातात, मग दिवाळीत जाऊन "पिसाराच नाही" म्हणण्यात अर्थ नाही.

खंड्या आणि त्याच्या भावबंदांसाठी कसबा बावड्याचा, पंचगंगेवरचा राजाराम बंधारा. पावसाळ्यात याच बंधाऱ्याची पातळी अख्खं कोल्हापूर तासातासाला विचारतं, ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. पाणी ओसरून नदी शांत झाली की कवड्या धीवर इथं शिकवणी घेतो. काळा-पांढरा, पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत लटकतो, मान खाली, चोच पाण्याकडं. उडत्या पक्ष्याचा फोटो शिकायला याच्याइतका समजूतदार पक्षी नाही, कारण तो उडत असतो आणि जागचा हलतही नसतो. लटकलेला दिसला की फोकस धरा, लगेच दोन-तीन क्लिक करा आणि मग बोट तयार ठेवा. सूर मारताना मिळेलच असं नाही. बहुतेकदा मिळत नाही.

ऊसतोड, नांगरट आणि पाजलेलं रान

आता खरा खजिना. दिवाळीनंतर कारखान्यांची धुराडी पेटली की करवीर, कागल, हातकणंगले, पन्हाळा, कुठल्याही रस्त्याला लागा. तोड चालू असलेला फड, पाचट पेटवलेलं रान, नांगरट, पाणी पाजलेला खोडवा. या चार ठिकाणी पक्षी स्वतःहून माणसाजवळ येतात. त्यांचं पोटच माणसाच्या कामावर अवलंबून असतं. अभयारण्यात तिकीट काढून जे अंतर मिळत नाही ते इथं बांधावर बसून मिळतं.

पण आधी विचारा. कुणाच्या रानात न विचारता कॅमेरा घेऊन शिरणं बरं नव्हे, आणि हल्ली रस्त्याच्या मोजणीला, भूसंपादनाला आलेला माणूस समजून लोक बिथरतातही. गाडी लावायची, हाक मारायची.

"रामराम मामा. पाखरांचे फोटो काढू का जरा?"

"कुठल्या पेपरातनं आलाय?"

"पेपर नाही मामा, हौस."

"पाखरांची हौस व्हय? काढा की मग. आणि त्या हिरीवर बघा जावा, लई घरटी हायत."

या एका 'हिरीवर बघा'साठी विचारायचं असतं. शेतकऱ्याला कुठं काय येतं हे ठाऊक असतं, फक्त त्याला कुणी विचारत नाही. नंतर एक चांगला फोटो त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. पुढच्या वर्षी "मोर यायलाय बघा रोज" असा फोन तुम्हालाच येतो. ऊसतोडीच्या टोळीत गेलात तर मुकादमाशी बोला, आणि माणसांचे, विशेषतः बाया-पोरांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

ट्रॅक्टरची नांगरट सगळ्यात सोपी. फाळानं माती उलटली की अळ्या, गांडुळं, किडे उघडे पडतात आणि गायबगळे रांगेनं मागं लागतात. नवशिका ट्रॅक्टरच्या मागं चालत जातो आणि पाठमोरे बगळे घेऊन येतो. त्यापेक्षा ट्रॅक्टर जिथं वळतो त्या बांधावर, ऊन पाठीशी घेऊन बसून टाका. ट्रॅक्टर तास संपवून वळला की बगळे एकदम उठतात, गोल फिरतात आणि नव्या तासात उतरतात. प्रत्येक फेरीला हे तुमच्यासमोर होतं. दोन फेऱ्या नुसत्या बघा. कुठल्या ढेकळावर पहिला बगळा उतरतो ते लक्षात येईल. तिसऱ्या फेरीला तिथं आधीच फोकस करून ठेवा. शटर १/१६००, कॉम्पेन्सेशन उणे एक. काळी माती, पांढरे पसरलेले पंख, खाली लोंबणारे काळे पाय. याला पाच लाखांची लेन्स लागत नाही.

तोडीच्या फडावर वर बघा. फड कमी होत जातो तसे उंदीर शेवटच्या पट्ट्यात गोळा होतात, आणि ते कापशी घारीला बरोबर कळतं. करड्या-पांढऱ्या रंगाची, लाल डोळ्यांची ही छोटी घार हवेत एका जागी थरथरत थांबते आणि मग पाय खाली सोडून लिफ्टसारखी उतरते. तिच्यासाठी अधिक एक, कारण मागं आभाळ. पाचट पेटलं की कोतवाल, वेडे राघू, नीलपंख धुराच्या कडेला जमतात, भाजून उडणारे किडे पकडायला. वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभे राहू नका, धूर तुमच्या आणि लेन्सच्या तोंडात जातो.

वेड्या राघूचं एक गुपित : तो किडा धरून परत त्याच फांदीवर येतो. तारेवर, खुंटीवर, ज्वारीच्या धाटावर, त्याची बैठक ठरलेली असते. म्हणून उडाला की हळहळू नका. त्याच्या रिकाम्या बैठकीवर फोकस लावा आणि थांबा. तो येतो, गांधीलमाशी फांदीवर दोन्ही बाजूंनी आपटतो, नांगी काढतो, वर उडवून गिळतो. सगळं चार-पाच सेकंदांत, तुमच्या डोळ्यांदेखत.

जवळ जाण्याची रीतही इथंच शिकून घ्या. सरळ चालत जाऊ नका, तिरके जा, त्याच्याकडं टक लावून बघू नका, मध्येच थांबून दुसरीकडं बघा. मोटारसायकलवर असाल तर इंजिन बंद करा पण उतरू नका. चालत्या गाडीला पक्षी भीत नाही, गाडीवरून उतरणाऱ्या दोन पायांना भितो. पक्ष्यानं मान ताठ केली, अंग आवळलं किंवा घाईघाईनं शिटला तर तो उडायच्या बेतात आहे. तिथंच थांबा. उडवून लावलात तर त्याचा घास गेला आणि तुमचा फोटोही.

फाल्गुन-चैत्रात सकाळी साडेनऊ-दहानंतर कॅमेरा बॅगेत घाला. तापलेल्या रानावर हवा लहरते आणि लांबचा प्रत्येक फोटो पाण्यातून काढल्यासारखा येतो. कितीही शार्पनिंग करा, तो सुधारत नाही.

आणि जपून. गवतात, पाचटात घोणस असते. पायात उंच बूट हवेत, चपला नकोत. तोडीत रानमांजराची किंवा बिबट्याची पिल्लं सापडली तर हात लावू नका, उचलून सेल्फी तर मुळीच नको. माणसं लांब झाली की आई पिल्लं न्यायला परतण्याची शक्यता असते. सगळ्यांना मागं घ्या आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा.

पावसाळ्यात विहिरीवर

जून ते सप्टेंबर अभयारण्य बंद, रंकाळा करडा, कॅमेरा भिजायची भीती. तरीही या दिवसांत एक गोष्ट अशी चालू असते की तिच्यासाठी छत्री धरून बसावं. मामांनी सांगितलेली विहीर.

काठावर बाभूळ, तिच्या पाण्यावर झुकलेल्या फांद्या, त्यांना लोंबणारी सुगरणीची घरटी. विणतो तो नर, डोकं हळदीसारखं पिवळं. उसाच्या पानाच्या कडेला चोचीनं खाच पाडतो, पट्टी धरतो आणि उडताना ती टर्रकन सोलून नेतो. घरटं अर्धं झालं की त्याखाली लोंबकळून पंख फडफडवतो आणि ओरडून माद्यांना बोलावतो. मादी येते, आत-बाहेर बघते. पसंत पडलं तर तो खालची नळी पूर्ण करतो. नाही पडलं तर ते अर्धवट तसंच राहतं, म्हणून झाडावर इतकी अर्धी घरटी दिसतात.

विहिरीच्या पलीकडच्या काठावर बसा, मध्ये पाणी राहू द्या. फोटोसाठी फांदी वाकवणं, पानं तोडून 'मोकळं' करणं, घरट्याखाली जाऊन बॅटरी मारणं, यातलं काहीही करू नका. सुगरणीची वसाहत माणसाला सरावलेली असते म्हणून ती चालते. बाकी कुठल्याही पक्ष्याचं घरटं दिसलं तर कॅमेरा न काढता निघून जा. आपण वारंवार गेलो की पालक लांब राहतात, अंडी गार पडतात, आणि आपल्या मागोमाग कावळ्यालाही पत्ता लागतो. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं हेही तसलंच. तो प्रतिस्पर्धी आला समजून सगळं काम टाकून भांडायला येतो.

भिजण्यावर उपाय म्हणजे दुधाची मोठी पिशवी किंवा हॉटेलातली शॉवर कॅप, आणि एक सुती पंचा. पावसात लेन्स बदलू नका, एवढंच.

आता दाजीपूर

एव्हाना हात बसलाय, उजेड कळतोय. आता जा. राधानगरी अभयारण्य १९५८ साली गव्यांसाठी राखलं गेलं, पुढं वाढून ते सुमारे ३५१ चौरस किलोमीटर झालं, आणि २०१२ साली पश्चिम घाटाचा भाग म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारशातही गेलं. कोल्हापुरातून दाजीपूर साधारण ऐंशी किलोमीटर. प्रवेशाला वनविभागाची परवानगी लागते, आणि पावसाळ्यात ते बंद असतं, त्यामुळं निघायच्या आधी चौकशी करा. स्थानिक गाईड घ्या. त्याची नजर तुमच्या लेन्सहून लांबची असते. ड्रोन घरी ठेवा.

गवा सकाळ-संध्याकाळ मोकळ्या सड्यावर, गवतावर येतो. तेवढ्याच उजेडात तो मिळणार. इथं शटरची हौस सोडा : चरणाऱ्या गव्याला १/२०० पुरतं, आयएसओ ३२०० वर जाऊ द्या, बीनबॅग गाडीच्या खिडकीत, इंजिन बंद. इंजिनची थरथर फोटोत उतरते. गव्याचं अंग काळं आणि गुडघ्याखालचे पाय पांढरे. कॅमेरा काळ्याला उजळवायला जातो आणि पांढरे मोजे जळतात, म्हणून थोडं उणे. फ्रेममध्ये गवा छोटा आला तरी काढा. गवत, धुकं, मागची डोंगररांग यांसकटचा फोटो हा छोट्या लेन्सचा हक्काचा फोटो आहे. नुसतं तोंड भरून काढलेला गवा प्राणिसंग्रहालयातलाही असू शकतो.

शेकरू, राखी धनेश, हरियाल यांच्यामागं हिंडू नका. पिकलेला उंबर किंवा नांदरुक शोधा आणि त्याच्याखाली अर्धा दिवस बसा. सगळे तिथंच जेवायला येतात.

गव्यापासून कमीत कमी शंभर पावलं लांब, आणि गाडीतच. एकटा नर, फुसकारणारा, डोकं खाली घातलेला किंवा अंग आडवं करून आपली उंची दाखवत उभा राहिलेला, म्हणजे तो तुम्हाला जायला सांगतोय. जा. हा नियम शिवारातही लागू आहे, कारण पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी भागात गवे सर्रास उसात उतरतात, आणि कधीतरी थेट शहरापर्यंत येतात. असा गवा वस्तीत शिरला की शंभर मोबाईल त्याच्या मागं लागतात आणि तो बिथरून सैरावैरा धावतो. त्या गर्दीत कॅमेरा घेऊन एकशे एकावे होऊ नका. आजरा-चंदगडकडं हत्तीची बातमी आली तरी तेच. तिथं लेन्स अडीचशेची असो वा सहाशेची, पळायला जागा सारखीच कमी असते.

घरी आल्यावर

रोजचे शेकडो फोटो साठवत गेलात तर वर्षभरात काही सापडणार नाही. त्याच रात्री बसा आणि डोळा शार्प नसलेले सगळे उडवा. एका पक्ष्याचे दोन ठेवा. फोल्डरला तारीख आणि जागा द्या, 'कळंबा' एवढं पुरतं.

क्रॉप करायला लाजू नका. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा असतो. त्यातला एक तृतीयांश रुंदीचा तुकडा कापला तरी २००० पिक्सेल उरतात, मोबाईलवर आणि फेसबुकवर ते भरपूर झाले. म्हणजे तीनशेची लेन्स घरी बसून नऊशेची झाली. अट एवढीच, मूळ फोटो शार्प हवा. क्रॉपनंतर सावल्या थोड्या उचला, पांढरं थोडं खाली आणा, बस्स. आकाश जांभळं करायची स्लाइडर असते, तिला हात लावू नका.

पक्ष्याची ओळख पटत नसेल तर मर्लिन हे मोफत अ‍ॅप मदत करतं. नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, तुमच्या कळंब्याच्या नोंदी तिथं अभ्यासकांच्या कामाला येतात. पण घुबडाची ढोली, घरटं, बिबट्याची जागा यांचं ठिकाण कुठंही लिहू नका आणि मोबाईल कॅमेऱ्याचं लोकेशन बंद ठेवा. घुबडांचा चोरटा व्यापार चालतो, आणि 'कुठं मिळालं भावा?' विचारणारे सगळेच फोटोवाले नसतात.

शेवटी जपणूक, कारण कोल्हापूरचा पावसाळा बॅगेतली लेन्स खातो. कॅमेऱ्याची बॅग ही ठेवायची जागा नव्हे, तिच्यातला फोम ओल धरतो. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा मोठा डबा घ्या, तळाला सिलिका जेलच्या पुड्या आणि जमलं तर आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर ठेवा. आकडा चाळीस ते पन्नासमध्ये राहिला पाहिजे. जेलच्या मण्यांचा रंग बदलला की ओल भरली समजा. ते मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात, पण त्यासाठी मोडीतला तवा वेगळा ठेवा, भाकरीचा नको. आणि पावसाळ्यात वापर नसला तरी आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून झूम पुढं-मागं फिरवा, खिडकीतल्या चिमण्यांचे चार फोटो काढा आणि परत डब्यात ठेवा.